नवऱ्याच्या नावाचा रकाना

७ जानेवारी २००७, रविवार

सभा झाली. मांडव नव्हता, माइक मध्येच मुका होत होता, चारी बाजूंनी लूम खडखडत होते. तरी कामतघर नाक्यावर शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचला. मी म्हणालो, "या गावात कापडाचा प्रत्येक मीटर मोजला जातो, आणि ते विणणाऱ्या माणसाची मोजदाद कुणी केलेली नाही!" टाळ्या पडल्या. टाळ्या मला आवडतात. इथे खोटं कशाला लिहू?

ठाण्याची एक धर्मादाय संस्था लूमवाल्या वस्त्यांतल्या प्रत्येक बाईमाणसाला आणि बाप्याला हॉस्पिटलचं कार्ड देणार आहे. तपासणी, औषध, भरती, सगळं त्यावर. घरोघर जाऊन माहिती घ्यायची आणि कॉम्प्युटरच्या फाइलीत भरून द्यायची, हे काम आमच्या मंडळाने अंगावर घेतलं. माझ्या टायपिंग क्लासात तीन कॉम्प्युटर आहेत, आणि शिकवायला मृणाली आहे. नारपोलीची, पाटलांची मुलगी. तिला कॉम्प्युटरची भाषा येते, मला माणसांची.

हे काम मी कुणासाठी घेतलं, तेही लिहून ठेवतो. अक्कासाठी. आई गेल्यावर थोरल्या बहिणीने, काशीअक्काने, मला वाढवलं. वीस-बावीस वर्षं तिने कांडी मशीनवर सुताच्या कांड्या भरल्या, त्यावर माझी पुस्तकं आली. आता तिच्या छातीत कापूस भरलाय. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्याआधी भरती करा.

सभा संपवून आलो तर ती दारातच बसलेली.

"ऐकलंस का भाषण?"

"ऐकू आलं. नाक्यापासून घरापर्यंत तुझाच घसा. बाबू, तुझ्या भाषणानं माझा खोकला थांबतो का रे?"

"कार्डाने थांबेल."

"मग कार्ड आण. भाषण राहू दे."

११ जानेवारी, गुरुवार

नारपोलीत माहिती घ्यायला सुरुवात. माझ्याबरोबर मिथुन होता, दिवसपाळी सोडून आलेला लूम कारागीर, अक्षर मोत्यासारखं. नाव, वय, मूळ गाव, पत्ता, काम, आणि लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचं नाव.

या शेवटच्या रकान्याशी गाडं अडलं. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तोंडाला पदर लावतात, हसतात, शेजारणीला कोपर मारतात. एकीने उखाण्यात घेतलं:

"लुमाच्या खडखडाटात ऐकू येईना गाणं, धनेशरावांचं नाव घेते, पुरे करा आता विचारणं!"

सगळी गल्ली हसली. मिथुनने धनेश लिहून घेतलं.

मग गोदूबाई. नारपोलीत सगळ्यांची ओळखीची. कारागिरांसाठी खाणावळ चालवते, इथे तिला भिशी म्हणतात. पन्नासेक माणसं दोन वेळा तिच्या हातचं जेवतात. काळी, उंच, हात कोपरापर्यंत पिठात.

"ह्यांचं नाव? ते काय समोर बसलंय, त्याला इचारा. मी न्हाय घेत."

समोर बसलेला नवरा म्हणाला, "केसरीनाथ लिवा." मिथुन लिहू लागला. मी त्याचा हात धरला.

मी म्हणालो, "तिच्या तोंडून येईल तेवढंच लिहायचं. शेजारी सांगेल, नवरा सांगेल, हे चालणार नाही. आणि बाईचं नाव पुरुषाच्या नावाशिवाय पुरं होत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांना ही रिकामी जागा दिसू दे. ही रिकामी जागा म्हणजे आपला निषेध आहे!"

गोदूबाई हसली. "ऱ्हाऊ दे रिकामी. रिकामी जागा काय खायाला मागते?" आणि आम्हा दोघांना भाकरी-सुकट खाऊ घातलं.

आजवर कुणी असा विचार केला नसेल. समाधान वाटलं.

१५ जानेवारी, सोमवार

आज कामतघर, म्हणजे आमचीच चाळ. अक्काची माहिती मिथुनने विचारली. घरच्या माणसाची मी घेणार नाही, असं आधीच ठरवलं होतं. बाकी सगळं तिने सांगितलं. नवऱ्याच्या नावाशी गप्प.

लाजेने नव्हे. तो माणूस लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला मारून, जिवावरच्या दुखण्यात टाकून गेला.

मिथुन म्हणाला, "अक्का, आता काय त्याचं. घ्या ना."

"चाळीस वर्षं नाव घेतलं नाही, म्हणून तो परत दारात आला नाही. आता घेऊ?"

अंगावर काटा आला, असं मिथुन म्हणाला. मला हसू आलं. मी भुताखेतांवर, नावाच्या शक्तीवर विश्वास ठेवत नाही. आम्ही ते सगळं मागे टाकून आलेली माणसं. पण तिच्या न बोलण्याचा मला अभिमान वाटला. रकाना रिकामा ठेवला. संध्याकाळी नाक्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, की ही रिकामी जागा आपला निषेध आहे.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

ठाण्याहून उत्तर आलं. रकाना काढून टाकता येणार नाही. ज्या ओळीत एकही जागा रिकामी असेल ती ओळ त्यांची सिस्टिम घेत नाही. तशी एक जरी ओळ असली तर सगळी फाइलच परत येते. अपुऱ्या ओळी काढा, पुऱ्या पाठवा, उरलेल्यांचं जूनमध्ये बघू.

मी फोनवर अर्धा तास बोललो. पलीकडचा साहेब म्हणाला, "शेजवळ सर, तुमचं बरोबर आहे. पण कॉम्प्युटरला भाषण समजत नाही."

मृणालीने एक स्क्रिप्ट लिहिली आहे. इवलीशी, मला तर ती कवितेसारखी दिसली. फाइलीतली एकेक ओळ वाचायची, स्वल्पविरामांच्या मधल्या जागा तपासायच्या, एखादी रिकामी सापडली की ओळ बाहेर. बाहेर काढलेल्या ओळी वेगळ्या फाइलीत जातात. "नाहीतर कुणाला काढलं ते कळणार कसं?" ती म्हणाली. शहाणी मुलगी आहे.

५ फेब्रुवारी, सोमवार

नारपोलीची फाइल आधी. मृणालीने बटण दाबलं. मला वाटलं होतं, काही वेळ लागेल. काहीतरी फिरताना दिसेल. काहीच नाही. कर्सर खालच्या ओळीवर येऊन लुकलुकत राहिला.

"झालं?"

"झालं, सर."

त्याच क्षणी बाहेरचे लूम थांबले, असं वाटलं. भारनियमन असेल म्हणावं तर क्लासातले पंखे चालू होते. मग खडखडाट पुन्हा सुरू झाला. कान दमले असतील.

गोदूबाईची ओळ गेली. तिच्यासारख्या बऱ्याच. उद्या-परवा जाऊन प्रत्येकीला समजावून सांगायला हवं, की जूनमध्ये नक्की घेऊ. आपण कुणाला टाकलेलं नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

नारपोलीला गेलो. कुणाला तरी काहीतरी सांगायचं होतं. तिथे पोचल्यावर ते काय, हे आठवेना. भूक लागली म्हणून एका भिशीत शिरलो. केसरीनाथ नावाचा एकटा गृहस्थ चालवतो. कारागीर रांगेने बसले होते. चूल पेटलेली, तव्यावर भाकरी, परातीत पीठ. चुलीपाशी कुणी नव्हतं. माझ्यासमोर तव्यावरची भाकरी उलटली.

ते वाक्य वाचून पाहिलं. तसंच राहू देतो. धुरात नीट दिसत नव्हतं.

मी विचारलं, "भाकऱ्या कोण थापतं?"

केसरीनाथ म्हणाला, "कोन म्हंजे? भाकऱ्या होतात."

शेजारचा कारागीर हसला. "खाना खाओ सर, यहाँ भी मीटिंग लोगे क्या?"

"घरात बाईमाणूस?"

"मी कदी लगीन केलंच न्हाय." असं म्हणून तो उठला आणि चुलीपाशी जाऊन उगाच उभा राहिला. बराच वेळ. लहान मूल आईच्या मागे उभं राहतं तसा.

भाकरी गरम होती, चव ओळखीची होती. खाताना का कोण जाणे डोळ्यांत पाणी आलं. धूर.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

ही वही मागे चाळली. ११ जानेवारीला 'गोदूबाई' नावाच्या कुणा बाईबद्दल लिहिलं आहे. अक्षर माझंच. थोडा वेळ गोंधळलो, मग उलगडा झाला. भाषणासाठी मी कधीकधी माणसं रचतो. सत्य सांगायला एखादं पात्र लागतं. केसरीनाथच्या भिशीवरून सुचलं असणार. पात्र झकास उतरलं आहे. 'रिकामी जागा काय खायाला मागते?' हे तर टाळीचं वाक्य.

 संध्याकाळी क्लास सुटल्यावर मृणालीने मला स्क्रीनजवळ बोलावलं. बाहेर काढलेल्या ओळींची फाइल उघडली होती. नुसते स्वल्पविराम. ओळीमागून ओळ, स्वल्पविराम आणि मध्ये काही नाही.

"सर, ह्यांचा एकेकच रकाना रिकामा होता. म्हणून तर काढल्या. आता सगळेच रिकामे आहेत."

"व्हायरस असेल. एखाद्या पेन ड्राइव्हमधून आला असेल."

"मूळ फाइलीची कॉपी मी घरच्या कॉम्प्युटरवर ठेवली होती. तिच्यातही असंच आहे." मग खाली बघून म्हणाली, "आमच्या मजल्यावर एक बाळ आहे. बाप कामावर जातो, दार उघडं असतं. बाळ रडायला लागलं की झोळी हलते. मी दारात उभी राहून बघितलं, सर. आत कुणी नाहीये. झोळी हलते, बाळ गप्प होतं. आणि मजल्यावर कुणालाच त्याचं काही वाटत नाही. मलाही वाटायचं नाही. फाइल बघितल्यावर वाटायला लागलं."

मी तिला वारा, दोरीचा पीळ, मनाचे खेळ असं सगळं समजावलं. चांगलं बोललो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कामतघरची फाइल कधी चालवायची?"

"वीस तारखेला पाठवायची आहे."

"त्यात अक्कांची ओळ आहे."

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

अक्काला काल उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर सरळ म्हणाले, जूनपर्यंत थांबायचं नाव काढू नका. मार्चमध्ये कार्ड आलं तर लगेच भरती करू, वाचतील.

घरी आल्यावर ती पलंगावर पडूनच म्हणाली, "मृणाली येऊन गेली. ती सांगत होती, रकाना भरला नाही तर कार्ड मिळणार नाही."

"हो."

"तुला ठाऊक आहे त्याचं नाव. तू लिही. मला विचारू नकोस, लिहिलंस की वाचून दाखवू नकोस. झालं."

"अक्का, मी नाक्यावर सगळ्यांसमोर बोललोय..."

"बोललास. आता लिही."

थोड्या वेळाने म्हणाली, "बाबू, तू लहानपणी भिंतीसमोर उभा राहून भाषण करायचास. मी टाळ्या वाजवायचे. आता वाटतं, एखादी चापट दिली असती तर बरं झालं असतं." आणि हसली. हसताना खोकला आला, तो किती वेळ थांबेना.

१९ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी फाइल उघडली. अक्काची ओळ शोधली. रिकाम्या जागेत कर्सर ठेवला. 'या' एवढं टाइप केलं. यादव. एवढं सोपं होतं.

तेवढ्यात मिथुन आत आला. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "अक्कांचं भरताय? बरं केलंत, सर. मग माझ्या आईचंही भरा. सगळ्यांचीच भरू ना, एका दुपारचं काम आहे. नवऱ्यांची नावं काय, अख्ख्या चाळीला पाठ आहेत."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. माझे कान तापले. मला नाका दिसला, टाळ्या ऐकू आल्या. उद्या हीच माणसं म्हणतील, सर बोलले एक आणि बहीण आजारी पडल्यावर केलं दुसरं. एवढी वर्षं मी लोकांना सांगत आलो, की तत्त्व घराच्या उंबऱ्यापाशी थांबत नाही. ज्याचं थांबतं तो पुढारी, कार्यकर्ता नव्हे.

मी 'या' खोडलं. मिथुनला म्हणालो, "नुसतं बघत होतो."

मृणाली माझ्यामागे उभी होती. "सर, भरा. मी हात जोडते. मला भीती वाटते."

"भीती वाटते म्हणून? मग तर मुळीच नाही." मी जरा चढ्या आवाजात बोललो. "भीतीपोटी भरलेल्या रकान्यांवरच हा समाज हजारो वर्षं चाललाय!"

टाळी पडली नाही. क्लासात आम्ही तिघंच होतो.

अक्कासाठी दुसरी वाट काढेन. ठाण्याला स्वतः जाईन, साहेबांसमोर उभा राहीन. माझ्या शब्दाने आजवर दगड हलले आहेत.

२० फेब्रुवारी, मंगळवार

मृणाली आली नाही. निरोपही नाही. स्क्रिप्ट कशी चालवायची ते तिने कागदावर लिहून दिलं होतं. मीच बटण दाबलं.

लूम थांबले. या वेळी खात्रीने थांबले. मग सुरू झाले.

फाइल पाठवली. मोठं काम तडीला गेलं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

थकवा. सकाळी चहा प्यायलो. कपबशा दोन काढल्या होत्या. एकटं राहण्याची एवढी वर्षं सवय असूनही हात चुकतो. दोन्ही कपांत चहा ओतला होता. परत आलो तेव्हा दुसराही संपलेला. मांजर असेल.

आज ठाण्याला जायचं असं डोक्यात होतं. कपडे करून दाराशी आलो. कशाला जायचं, ते आठवेना. परत फिरलो.

४ मार्च, रविवार

कार्डं आली! नाक्यावर वाटप. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मी बोललो, आयुष्यात बोललो नसेन असं. 'आज कामतघरात एकही माणूस असा नाही, ज्याची कुणी मोजदाद केली नाही!' टाळ्या थांबेनात.

एकच सांगतो. बोलताना समोर पुरुषच पुरुष दिसत होते, बायका अगदी तुरळक. मध्ये मध्ये मोकळ्या जागा होत्या. गर्दी एवढी की पोरं भिंतीवर चढलेली, तरी त्या जागांवर कुणी सरकत नव्हतं. सगळे त्यांना वळसा घालून उभे होते. मिथुनच्या शेजारीही तशी एक जागा होती. तो पूर्ण वेळ एक हात बाजूला किंचित वर धरून उभा होता, म्हाताऱ्या माणसाला आधार द्यावा तसा. मी नंतर विचारलं, "हात दुखतोय का?" तो हाताकडे बघत राहिला. म्हणाला, "माहीत नाही, सर. खाली सोडवत नाही."

मृणालीने क्लास सोडल्याचं कळलं. नारपोलीच्या त्या इमारतीत दिवसभर कुणाच्या तरी बाळाजवळ बसून असते, म्हणतात. चांगली मुलगी होती. शास्त्र शिकलेली माणसंही अशी कच्ची निघतात.

संध्याकाळी वही वाचली. आधीच्या पानांवर 'अक्का' पुष्कळदा येते. हेही पात्र मीच रचलेलं. गोदूबाईपेक्षा सरस उतरलं आहे, अगदी जिवंत. माझ्या तोंडी 'बहीण आजारी' वगैरे घातलं आहे, म्हणजे भाषण प्रथमपुरुषी करायचा बेत असावा. वाचताना रडू आलं. स्वतःच्या लिखाणावर रडणं हास्यास्पद. पुढच्या सभेत वापरू.

७ मार्च, बुधवार

घरी वाचनालय काढायचं ठरवलं. एकट्या माणसाला दोन खोल्या हव्यात कशाला? पुस्तकं आहेतच, आतल्या खोलीत टेबल आणि बाकं टाकली की कामगारांना बसायला जागा होईल. आतला लाकडी पलंग तेवढा अडचण करतो. तो कुणाच्या उपयोगाचा नाही. मी तर नेहमी बाहेरच निजतो.

समोरच्या कारखान्यातून चौघं बोलावले. चारी कोपऱ्यांना लागले. पलंग हलेना.

त्यांतला राघो म्हणाला, "सर, हत्ती निजवलाय काय यावर?"

"कैसा हत्ती, सर की किताबें होंगी अंदर," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. पुन्हा जोर लावला. नाही.

मग राघोने गादी काढू म्हणून तिच्यावर हात ठेवला, आणि चटकन मागे घेतला.

"काय झालं?"

"काय न्हाय. गरम हाय."

पश्चिमेची खिडकी आहे, ऊन येतं. मी तसं म्हणालो. राघो खिडकीकडे बघू लागला. ती बंद होती. तो पलंगापाशी वाकला, आवाज ऐकावा तसा कान खाली नेला आणि मग अगदी हळू, पावलांचा आवाज न करता, मागे मागे दारापर्यंत गेला. बाकीचे तिघंही त्याच्यामागून. चहा घ्या म्हणालो, तर नको म्हणाले. जाताना एकाने दार ओढून घेतलं, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने.

लूमवर बैलासारखी राबणारी माणसं, आणि मनाने अशी. यांच्यासाठीच वाचनालय हवं.

मी स्वतः जाऊन पाहिलं. गादी मध्ये खोल दबली आहे. तिचा कडेचा भाग उचलला जातो, मधला नाही. मी तिथे तळहात ठेवला. उबदार होतं, आणि किंचित वर-खाली होत होतं. जुन्या कापसाचं असं होतं, हवा धरतो. हात काढवेना. बराच वेळ तसाच बसून राहिलो. मग माझ्या डोक्यावर काहीतरी टेकलं, हलकं, आणि केसांतून मागे गेलं. छतावरून धूळ पडली असेल. मला लाज वाटली. का, ते या वहीतही लिहिता येत नाही, कारण मला ठाऊकच नाही.

आतला दिवा तेवढा मालवला नाही. वीज फुकट जाते हे कळतं. तरी चालू ठेवला.

सुताराला सांगून आलो आहे. पलंग दारातून निघणार नसेल तर गादीसकट मधोमध कापून काढू. तो सकाळी मोठी करवत घेऊन येतोय.